पाचशे बारा की सहाशे चाळीस

आमच्या घरात त्या वर्षी दोन गोष्टी एकदमच ठरवायच्या होत्या. आत्याच्या टायपिंग क्लाससाठी कंप्युटर कोणता घ्यायचा, आणि मला कुठे द्यायचं. दोन्हींतलं घरात कोणालाच काही कळत नव्हतं. पण कंप्युटरमधलं मला कळतं असा सगळ्यांचा ठाम समज होता. तो समज मीच मोठ्या मेहनतीने करून दिला होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, तारा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, तेव्हा ती मध्य प्रदेशातल्या सौंसरला भावाकडे आली, टायपिंगच्या परीक्षा पास झाली आणि बसस्टँडमागच्या गल्लीत आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत तिने क्लास उघडला. माझं सगळं लहानपण त्या खडखडाटात गेलं. सकाळी इंग्रजीची बॅच, संध्याकाळी हिंदीची. आई भाकरी थापायची ती त्याच तालावर, आणि रविवारी क्लास बंद असला की तिच्या भाकरी वाकड्या होतात असं बाबा म्हणायचे. संत्र्याच्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी ट्रक भरले जात. पेट्यांना खिळे ठोकल्याचा आवाज कुठे संपतो आणि आत्याचा क्लास कुठे सुरू होतो हे पाहुण्यांना कळत नसे. आम्हाला कळायचं. बाबा शाळेत मास्तर होते आणि जेवताना एकदम बोट वर करून म्हणत, "हा मागच्या मशीनवरचा पोरगा चुकला." आत्या घास तोंडात ठेवूनच मान हलवायची.

बी.एस्सी. झाल्यावर मी नागपूरला मावशीकडे राहून सहा महिन्यांचा कंप्युटरचा कोर्स केला. सहा महिने म्हणायचे इतकंच. तिथे कंप्युटर एसी खोलीत असे, चपला बाहेर काढून आत जावं लागे, आणि आठवड्यातून एकदा चौघींत मिळून एका मशीनसमोर बसायला मिळे. बाकीचे दिवस आम्ही प्रोग्राम वहीत लिहायचो आणि सर तो लाल पेनाने चालवून दाखवायचे. त्यात मी "मी करतो, मी लिहितो" अशी बोलायची, आमच्याकडे बायकाही तसंच बोलतात, त्यामुळे बाकीच्या तिघी हसण्यात आणि मी रुसण्यात आमचा मशीनवरचा वेळ बराचसा जायचा. मशीनचं झाकण उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सौंसरला परतल्यावर मात्र गल्लीत कोणाचा रेडिओ बिघडला तरी लोक मला विचारत, आणि मी गंभीर चेहरा करून म्हणे, "पार्ट गेला असंल."

आत्याने कंप्युटर घ्यायचं ठरवलं ते माझ्या भरवशावर. आम्ही दोघी बसने नागपूरला गेलो. सीताबर्डीतल्या एका जिन्यावरच्या दुकानात बसलेल्या गृहस्थाने आम्हाला पंख्याखाली बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "मशीन एकच आहे बाई, किंमतही तीच. पण दोन प्रकारांत देतो. मेमरी पाचशे बारा घ्या, तर रंगीत स्क्रीन देतो. सहाशे चाळीस घ्या, तर हिरवी. मेमरीच्या चिपा महाग झाल्या आहेत, दोन्ही नाही जमणार. काय ते तुम्हीच ठरवा, तुमच्याकडे शिकलेली मुलगी आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला आठ्या घातल्या. आयुष्यात पुढे अनेकदा मला काही कळलेलं नसताना मी ह्याच आठ्या घातल्या आहेत आणि त्यांनी फार काम केलं आहे. "विचार करून सांगतो," मी म्हणाले. आठवडाभराची मुदत मिळाली.

परतीच्या बसमध्ये आत्याने विचारलं, "मेमरी म्हणजे नक्की काय व?"

"आपला ओटा असतो नं आत्या? काम करताना जितकं सामान ओट्यावर मावते तितकी मेमरी. बाकीचं सामान मांडणीत."

"मंग मोठा ओटा बरा."

"तसं नसते ते," मी म्हणाले. ते तसंच असतं. पण इतक्या सोप्या प्रश्नावर सहा महिन्यांचा कोर्स खर्ची पडू द्यायला मी तयार नव्हते. शिवाय माझं मन रंगीत पडद्यावर होतं. सगळ्या सौंसरमध्ये रंगीत टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यात आमच्या क्लासमध्ये रंगीत कंप्युटर आला तर लोक रामाकोन्याहून पाहायला येतील, असं चित्र मी बसमध्येच रंगवलं. लोधीखेडा येईपर्यंत मी पाचशे बारावर पक्की झाले होते.

आणि त्याच आठवड्यात पांढुर्ण्याचे लोक मला पाहायला आले.

मुलाचं नाव शरद. नागपूरला एका सूतगिरणीच्या ऑफिसात कंप्युटरवर पगारपत्रकं काढायचा आणि पांढुर्ण्याहून रोज पॅसेंजरने अपडाऊन करायचा. सोबत त्याची आई आणि मामा. आईने आदल्या दिवशीपासून सांभारवड्यांचा घाट घातला होता. घरभर कोथिंबिरीचा आणि खसखशीचा वास. मी निळी साडी नेसून वड्यांची ताटली घेऊन समोरच्या खोलीत गेले, नमस्कार केले आणि बसले. मामांनी नाव, शिक्षण विचारलं. शरदच्या आईने माझ्या पायांकडे, केसांकडे आणि मग बराच वेळ वड्यांकडे पाहिलं. मग सगळे मागच्या अंगणात संत्र्याचं झाड पाहायला गेले, म्हणजे आम्हा दोघांना बोलता यावं. आई तेवढी वड्या तळत स्वयंपाकघराच्या पडद्यामागे राहिली.

तो बिचारा काय बोलावं ह्या विचारात होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही कंप्युटर घेऊन राहिले म्हणे?"

मी दुकानदाराचे दोन्ही प्रकार सांगितले. तो लगेच म्हणाला, "पाचशे बारा घ्या. आमच्या ऑफिसात पाचशे बारावर सगळं भागते. सहाशे चाळीस कशाले पाहिजे तुम्हाला? टायपिंगच तर शिकवायचं हाय."

आता हे माझंच मत होतं. पण "टायपिंगच तर" हे दोन शब्द माझ्या कानांत असे शिरले की मी त्याच क्षणी पक्ष बदलला.

"नाही," मी म्हणाले, "सहाशे चाळीसच पाहिजे."

"अहो, पण गरज काय?"

"गरज आज नसंल. उद्या वाढले म्हणजे? ऐनवेळी जागा कुठून आणायची?"

"पाचशे बारा कमी नाही हो. मोठमोठ्या लोकांचं पाचशे बारात होते."

"होत असंल. आमच्याकडे सहाशे चाळीसच!"

आवाज चढला असावा. तो हसायला लागला, आणि त्याच्या हसण्याने मी आणखी चढले. तेवढ्यात मंडळी अंगणातून परतली. पाहुणे गेले. मला मनातून तो मुलगा फार आवडला होता. इतकं मनापासून माझ्याशी तोवर कोणी भांडलं नव्हतं. मी वाट पाहत राहिले की घरात काही विषय निघेल. निघाला नाही. चार दिवसांनी बाबांनी पांढुर्ण्याला निरोप पाठवला की आम्हाला हे झेपण्यासारखं नाही. कारण मला काय, आत्यालाही कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या काळी मुलीने असं विचारायचं नसतं असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझ्या तोंडाळपणामुळेच मोडलं असणार हे मी गृहीत धरलं होतं आणि ते कोणी मोठ्याने म्हणू नये इतकीच माझी इच्छा होती. आता माघार कशी घ्यायची? आत्याने विचारलं तेव्हा मी आठ्या घालून सांगितलं, "सहाशे चाळीस."

मशीन बसने आलं. छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीत फार हादरे बसतात म्हणून आत्याने स्वतः नागपूरला जाऊन ते मांडीवर घेतल्यासारखं आणलं. खोक्याबरोबर प्लास्टिकची एक लांब नळी होती. तिच्यात काळ्या, बारीक पायांच्या चिपा गोमेसारख्या एकामागे एक बसवलेल्या. दुकानदाराने सांगून पाठवलं होतं: पाचशे बारा बसवून दिली आहे, वरची ह्या नळीत आहे, बोर्डावरच्या शेवटच्या दोन ओळी रिकाम्या ठेवल्या आहेत, तुमच्या बाई बसवून घेतील.

तुमच्या बाई! दसऱ्याला दरवर्षी आत्या टायपरायटरांची पूजा करायची, त्याच दिवशी कंप्युटरचंही उद्घाटन ठेवलं होतं. शाळेचे मुख्याध्यापक, बाजारातले व्यापारी, सगळ्यांना आमंत्रणं गेली होती. दसरा दोन दिवसांवर. मी झाकण उघडलं. आत पाहिल्यावर पहिला विचार आला तो पुन्हा बंद करण्याचा. पण आत्या, आई, बाबा आणि संध्याकाळची सगळी हिंदीची बॅच भोवती उभी होती. मी एकेक चिप घेऊन अंगठ्याने दाबत गेले. आई दर चिपेला "हळू व माय" म्हणत होती. सगळ्या बसल्या. मशीन सुरू केलं. हिरव्या पडद्यावर आकडे धावायला लागले, पाचशे बारापर्यंत गेले आणि थांबले.

"झालं?" आत्याने विचारलं.

"जवळजवळ," मी म्हणाले.

दुकानदाराने हिंदी टायपिंगची एक फ्लॉपी दिली होती, तीच आत्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. आमच्याकडची निम्मी पोरं सरकारी नोकरीच्या हिंदी परीक्षेलाच बसायची. ती घातली तर मशीनने कळवलं की एवढ्या मेमरीत हे चालणार नाही. म्हणजे सहाशे चाळीस खरोखरच लागत होती! मी रागाच्या भरात जे मागितलं त्याचीच गरज होती, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर बोर्डावर बसलेलं होतं, आणि मशीन ते मोजायला तयार नव्हतं. मी तीनदा बंद करून सुरू केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदा चिरायला घेऊन रडले, म्हणजे चारचौघांत निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कुठे दिसेना. दुपारी ती बसमधून उतरली तेव्हा तिच्यामागे शरद होता. जिथे आम्ही नकार कळवला होता त्या घरी जाऊन ती म्हणाली होती, "लग्नाचं राहू द्या. माझं मशीन बंद पडलं, मुलगा द्या एका दिवसासाठी." त्यानेही गिरणीत सुटी टाकली होती.

मी त्याच्याकडे न पाहता सगळं सांगितलं. त्याने बोर्डावर वाकून पाहिलं आणि एका कोपऱ्यातली इवली इवली पांढरी बटणं दाखवली. "ह्याले सांगावं लागते, तुझ्याजवळ किती मेमरी हाय म्हणून. आपोआप नाही कळत त्याले." बॉलपेनच्या टोकाने त्याने एक बटण सरकवलं. आकडे पाचशे बाराच्या पुढे गेले, मी जोरात श्वास घेतला, आणि मशीन काहीतरी चुकल्याचा संदेश देऊन अडलं.

"चिपा खराब दिल्या दुकानदाराने," शरद म्हणाला.

"थांबा," मी म्हणाले. मशीन बंद करून बसवलेली एकेक चिप पुन्हा काढायला लागले. शेवटच्या ओळीत एकीचा एक पाय आत दुमडला होता. वरून पाहणाऱ्याला कळूच नये असा. दुकानदाराचा त्यात काही दोष नव्हता, माझ्या अंगठ्याचा प्रताप. बागेत काम करताना काटे काढायला आई जो चिमटा ठेवायची त्याने मी तो सरळ केला. नीट दिसावं म्हणून शरदने टेबलावरचा दिवा खाली धरला. सहाशे चाळीस. आत्याने फ्लॉपी घातली, खुर्चीवर बसली आणि हिंदीच्या कीबोर्डावर तिची बोटं जशी रोज पडत तशी पडली. हिरवी अक्षरं उमटत गेली. ती मधेच थांबली. पदराने चष्मा पुसून पुन्हा टाइप करायला लागली.

जेवताना आईने शरदला गोळाभात वाढला, वर कढत तेल घातलं, आणि तिला राहवलं नाही. "इतका गुणाचा मुलगा तुम्ही. मंग इतक्या लोकांचा हट्ट काहून केला बाप्पा?"

"कोणत्या लोकांचा?"

"वरातीचा. पाचशे बारा पानं म्हणून राहिले होते नं तुम्ही. आणि आमच्या ह्या शहाणीने तर सहाशे चाळीसवर नेलं! मी वड्या तळता तळता पडद्यामागून आयकलं. गावजेवण केलं तरी इतकी पंगत नाही उठत आमच्याइथं."

शरदचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग तो असा हसत सुटला की त्याला ठसका लागला आणि बाबांनी पाठ चोळली. मी मात्र हसले नाही. मला इतकंच कळत होतं की माझ्या जिभेमुळे मोडलेलं नाही, आणि त्या आनंदात मी ताटातलं मीठ वरणात कालवत होते.

दसऱ्याला लोक आले. "रंगीत नाही?" असं प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येकाला वाईट वाटलं. पण पडद्यावर हिंदी अक्षरं पाहून मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुम्ही फार दूरचा विचार केला." मी आठ्या घातल्या आणि मान झुकवली. आजही कोणी विचारलं तर मी नाकारत नाही.

बाबा पांढुर्ण्याला गेले आणि अर्धवट आनंदात परतले. मुलगा तयार, मामा तयार. पण त्याच्या आईचं म्हणणं, सुनेने लग्नानंतर बाजारातल्या क्लासात बसायचं नाही, तेही दुसऱ्या गावच्या. आत्याचं तोंड उतरलं. आता मशीन होतं आणि ते शिकवणारी मी एकटीच होते. त्या रात्री मला पहिल्यांदा खरोखर ठरवावं लागलं, आणि आठ्या घालून चालणार नव्हतं. सकाळी मी बाबांना सांगितलं, "क्लास सोडणार नाही. त्यांना तसंच कळवा." बाबांनी कळवलं. पंधरा दिवस काही उत्तर आलं नाही. त्या पंधरा दिवसांत मी कोणाला काय शिकवलं ते मला आठवत नाही. पोरंही बिचारी जे सांगेन ते टाइप करत राहायची. मग शरदचा निरोप आला की आईने हो म्हटलं नाही, पण नाही म्हणणं सोडलं आहे, तेव्हा तारीख काढून घ्या.

लग्न झालं. रोज सकाळी तो नागपूरची पॅसेंजर धरायचा आणि मी सौंसरची बस. सासूबाई डबा भरून द्यायच्या, बोलायच्या मात्र नाहीत. त्यांचं नाव अनुसया. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण लग्नानंतर हातात पाटी-पेन्सिल आली नव्हती. काही महिन्यांनी एका सकाळी मी बसमध्ये चढले तर त्या मागोमाग चढल्या. "पाह्यतो तरी, काय करते तिथं," एवढंच म्हणाल्या.

क्लासमध्ये त्या दारापाशीच्या स्टुलावर पदर घट्ट लपेटून बसून राहिल्या. पोरं येत होती, जात होती. दुपारी जरा गर्दी ओसरली तशी आत्या त्यांना हाताला धरून कंप्युटरसमोर घेऊन आली. "एक बोट पुरते, ताई. हा इथं अ." सासूबाईंनी बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. पडद्यावर अ उमटला. मग आत्या अक्षर दाखवत गेली आणि त्या शोधून दाबत गेल्या. बऱ्याच वेळाने नाव पुरं झालं. अनुसया. त्या हिरव्या अक्षरांकडे त्या पाहतच राहिल्या.

संध्याकाळची बॅच आली. मी मशीन मोकळं करायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "बंद केलं की जाईल हे?"

"हो."

"मंग नको करू."

फ्लॉपीवर ठेवता येतं, पाहिजे तेव्हा परत काढता येतं, हे त्यांना सांगायचं मला सुचलंच नाही. मी सहा महिन्यांचा कोर्स केलेली बाई. बॅचच्या पोरांना मी टायपरायटरांवर बसवलं आणि मशीन तसंच चालू ठेवलं. आणि आमच्याकडे जे रोज व्हायचं तेच झालं, लाईट गेली. पंखा थांबला, पडदा काळा पडला. सगळे टायपरायटर एकदम गप्प झाले. पोरांनाही समजलं होतं.

"गेलं?" सासूबाई अंधारात म्हणाल्या.

"गेलं," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला असावा, कारण त्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि पहिल्यांदा माझ्याशी सुनेसारखं बोलल्या.

"त्याच्यात काय रडते व? लाईट येऊ दे. आता मले येते."